दिवाणखान्यातला समुद्र

शाळेत असताना आमची सहल मुंबईला गेली होती. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात आम्ही रांगेने शिरलो. अंधारात उजळलेल्या काचा आणि काचांपलीकडे पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. माझ्या पुढच्या मुलाने सरांना विचारले, "सर, रस्त्यापलीकडे एवढा समुद्र असताना आत पुन्हा समुद्र कशाला?" सर म्हणाले, "पुढे चला." रांग पुढे सरकली. प्रश्न मात्र माझ्या मनात तसाच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या वर्षी मिळाले, आणि तेही समुद्रकिनारी नव्हे, तर आपल्या भिवंडीत, मागांच्या खटखटाटात. आमच्या ओळखीचे एक काका काचेच्या मत्स्यपेट्या बनवतात. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो. गावातल्या एका शेठजींना आपल्या बंगल्यात खाऱ्या पाण्याची मोठी पेटी हवी होती. नुसते मासे नव्हेत, तर खडक, प्रवाळ, सारा समुद्रतळच दिवाणखान्यात हवा होता. ते काम तीन महिने चालले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने एरवी ज्या वाटेला जाऊ नये ते घनफूट, वजने आणि रसायने त्या तीन महिन्यांत माझ्या वाट्याला आली. त्यातून जे समजले ते माझ्या विद्यार्थीबंधुभगिनींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. अंगठीतले पोवळे आपण पाहतो आणि तो दगड समजतो. वास्तविक प्रवाळ हा प्राणी आहे. मोहरीएवढ्या किंवा वाटाण्याएवढ्या देहाचे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला कॅल्शियम ओढून आपल्याखाली चुनखडीचे घर बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल प्रवाळाच्या देहातून बाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढरेफटक पडते आणि दिवस पालटले नाहीत तर उपाशी मरते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हा प्रसंग १९९८, २०१० आणि २०१६ साली आला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी साऱ्या जगभरच्या अशा चौथ्या संकटाची घोषणा केली.

प्रवाळ पाहायला लक्षद्वीपलाच जायला हवे असे नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहे. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे. फार काय, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या गढूळ पाण्यातल्या खडकांवरही प्रवाळाच्या लहान वसाहती आहेत. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

घरातल्या पेटीत प्रवाळ जगवण्याची विद्या तशी अलीकडची. गोड्या पाण्यातले मासे माणूस शतकानुशतके पाळत आला. प्रवाळ मात्र काचेआड आणले की काही दिवसांत मरत असे. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग या गृहस्थाने आपली पद्धत मासिकातून प्रसिद्ध केली. समुद्रातले सजीव खडक जसेच्या तसे पेटीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, एवढीच ती होती. त्यातले मर्म असे, की समुद्राचे पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम खडकांच्या छिद्रांत राहणारे जंतू करतात. आपण त्यांना घर द्यायचे. हे मर्म ध्यानी आल्यावर पुढचे सारे सुचत गेले.

आता आमच्या पेटीकडे वळतो. शेठजींनी जागा दाखवली ती पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात. माप सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. काकांनी जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि मला हिशेब करायला सांगितला. सहा गुणिले अडीच गुणिले दोन म्हणजे तीस घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे साडेआठशे लिटर पाणी. खारे पाणी गोड्यापेक्षा जड, तेव्हा वजन सुमारे ८७० किलो. १५ मिलिमीटरची काच पावणेदोनशे किलो. शिवाय खडक, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालची दुसरी टाकी. बेरीज दीड टनाच्या घरात गेली आणि तीही पंधरा चौरस फुटांवर!

राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. आमच्या पेटीचा भार त्याच्या पाचपट होत होता. काका म्हणाले, "शेठ, इंजिनियरला विचारल्याशिवाय मी इथे पेटी ठेवणार नाही." शेठजींना ते रुचले नाही. पण हे शहर भिवंडी आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, त्या दिवसांत ढिगाऱ्याभोवती उभी असलेली माणसे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. मजल्यावर किती वजन ठेवावे हा प्रश्न या गावात पुस्तकी नाही. शेवटी इंजिनियर आले, त्यांनी मान हलवली आणि पेटी तळमजल्यावर आली.

काच जोडायला सिलिकॉन वापरतात. वाळताना त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. सांध्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तिथून पुढे पाणी पाझरू शकते. वरच्या कडेने आतून काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या, नाहीतर पाण्याच्या दाबाने समोरची काच मधोमध फुगते. पाइपांसाठी भोके आधीच पाडून घ्यायची. कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड काचेला नंतर भोक पाडू गेले तर ती क्षणात तुकडे होऊन खाली येते. स्टँड पाणसळीने तोलायचे. स्टँड एका बाजूला कलले तर पाणी तुम्हाला ते लगेच दाखवते. पाण्यापुढे लबाडी चालत नाही. हे सारे झाल्यावर आठवडाभर सिलिकॉन वाळू द्यायचे आणि मग साध्या पाण्याने पेटी भरून पाझर पाहायचा.

दिसते ती पेटी म्हणजे अर्धे काम. उरलेले अर्धे स्टँडच्या दाराआड, खालच्या टाकीत चालते. त्या टाकीला सम्प म्हणतात. वरच्या पेटीतले पाणी एका कडेवरून ओसंडून पाइपाने सम्पमध्ये उतरते, तिथे स्वच्छ होते आणि पंपाने पुन्हा वर जाते. सम्पमधले मुख्य यंत्र म्हणजे स्किमर. उंच नळीत अतिशय बारीक बुडबुडे सोडले, की पाण्यातला सेंद्रिय मळ त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो आणि कपात साचतो. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर आलेली मळी काढतात, तोच हा प्रकार. फक्त विस्तवाऐवजी हवा. लाटा किनाऱ्यावर फुटताना पिवळसर फेस साचतो तो आपण पाहतोच. समुद्र हे काम स्वतः, फुकट आणि रात्रंदिवस करीत असतो.

आता माझी चूक सांगतो. तिच्यामुळेच हा विषय मला खरा समजला.

सम्पमधून वर जाणारा पाइप बसवण्याचे काम माझ्याकडे होते. त्याचे तोंड वरच्या पेटीत पाण्याखाली चार इंच बुडालेले होते. काकांनी बजावले होते, की पाण्याच्या पातळीलगत या पाइपाला एक बारीक भोक पाड. मला वाटले, चांगल्या पाइपाला भोक कशाला? उद्या पाडू, म्हणून राहून गेले. पेटी भरली, मीठ मिसळले, पंप सुरू झाला, सर्व कसे झकास चालले. दुपारी तीनच्या सुमारास बाजूच्या गल्लीतले माग एकदम बंद पडले. भिवंडीत वीज गेली हे दिवा पाहून कळत नाही, कानांनी कळते. खटखट थांबली, की सारी गल्ली क्षणभर बहिरी झाल्यासारखी वाटते. त्या शांततेत मला पाण्याचा आवाज ऐकू आला.

पंप थांबताच वर जाणारा पाइप उलटा वाहू लागला होता. तोंड पाण्याखाली असल्यामुळे वरचे पाणी ओढून तो खाली सम्पमध्ये ओतत होता. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग. पंधरा चौरस फुटांच्या पेटीत पाच घनफूट, म्हणजे एकशेचाळीस लिटर. सम्पमध्ये जागा होती साठ लिटरची. उरलेले ऐंशी लिटर खारे पाणी शेठजींच्या गालिच्यावर! ते भोक असते तर पाणी जरासे उतरताच त्यातून हवा शिरली असती आणि ओढा तुटला असता. पेटीत अजून एकही जीव नव्हता, हेच नशीब. काकांनी गालिचा पिळता पिळता एकच वाक्य ऐकवले : "वीज असतानाची टाकी कोणीही बांधेल, तू वीज नसतानाची बांधायला शिक."

त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट याच कसोटीवर पाहू लागलो. कोमट आणि खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. पंप थांबला, की काही तासांत माशांचा जीव गुदमरू लागतो. म्हणून वीज जाताच आपोआप चालू होणारा बॅटरीवरचा हवेचा पंप हवा. गरम करणारे, थंड करणारे, वर चढवणारे कोणतेही यंत्र कधीतरी बंद पडणारच असे गृहीत धरून आखणी करायची. आणि ते लहानसे भोक दर महिन्याला साफ करायचे, कारण क्षार साचून तेही बुजते.

पाण्याची कथा वेगळीच आहे. "खाडी इतकी जवळ, मग पाणी तिथूनच आणू," असे शेठजींचे म्हणणे होते. पण आपल्या खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडसर होते आणि त्यात शहरांचे नि कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेले असते. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असते आणि शेवाळ माजवणारे क्षार असू शकतात. म्हणून पाणी आधी आर. ओ. यंत्रातून पूर्ण शुद्ध करायचे आणि मग त्यात खास तयार केलेले समुद्री मीठ मिसळायचे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. आमच्या हजारभर लिटरला ३५ किलो! स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक क्षार ठराविक प्रमाणात असतात. माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरात राबले. आयुष्यभर त्यांनी पाण्यातून मीठ वेगळे केले. नातू पैसे मोजून पाण्यात मीठ घालतो आहे हे पाहायला ते असते, तर त्यांनी डोक्याला हात लावला असता.

एक गोष्ट मात्र मला बोचली. आर. ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर टाकून देते. हजार लिटरसाठी तीन हजार लिटर. ज्या गावात हंड्यांच्या रांगा लागतात तिथे हे पाणी गटारात सोडणे मनाला पटेना. मी भीत भीत शेठजींना तसे म्हटले. त्यांनी वाद न घालता ते पाणी गच्चीवरच्या वापराच्या टाकीत सोडायची सोय केली. उडून जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब असतो. दिवसाला आठ-दहा लिटर पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे.

पाणी तयार झाले म्हणून मासे सोडता येत नाहीत. येथेच पुष्कळांची पेटी बुडते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच निरुपद्रवी. खडकांच्या आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले आणखी काही जंतू नायट्रेटमधला नायट्रोजन मोकळा करून हवेत सोडतात. ही सारी वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही कोळंबीचा एक तुकडा कुजायला टाकला आणि रोज परीक्षानळीतला रंग पाहत बसलो. अडतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. रिकाम्या दिसणाऱ्या पाण्याकडे एवढे दिवस पाहत बसणे ही त्या कामातली सर्वांत अवघड शिस्त होती.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे अधिकच बिकट. प्रवाळाला २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. आपल्या मे महिन्याचे काय सांगावे? पाणी थंड करणारे चिलर यंत्र लागते आणि ते काढलेली उष्णता खोलीतच सोडते. मग खोलीला वारा हवा. पंप, दिवे, चिलर मिळून सरासरी ५०० वॉट धरले, तरी दिवसाला बारा आणि महिन्याला ३६० युनिट वीज होते.

प्रवाळ असेल तर त्याला घर बांधायला कॅल्शियमही पुरवावा लागतो. लिटरला सुमारे ४०० ते ४५० मिलिग्रॅम. त्यासाठी युरोपात रूढ झालेल्या एका उपायाचे जर्मन नाव आहे कालकवासर. हे भारदस्त नाव ऐकून मी दबकलो होतो. अर्थ विचारला तर निघाली चुन्याची निवळी! पानाच्या डब्यातल्या चुन्यावर पाणी घालून ठेवले, की वर राहते तीच. समुद्रातले पोवळे आणि पानातला चुना यांचे नाते असे जवळचे आहे. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात तर वर्षानुवर्षे प्रवाळ खणून त्याचाच चुना केला गेला.

आता मुख्य मुद्द्याला येतो. सर्व तयारी झाल्यावर शेठजी म्हणाले, "आता जिवंत प्रवाळ आणू." शहराबाहेरच्या एका दुकानदाराने ते गुपचूप देण्याची तयारीही दाखवली. काकांनी नकार दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व खडक बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, सागरी पंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याने त्यांचा मान वाघाइतकाच. ते समुद्रातून काढणे वा विकणे याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही. परदेशी प्रवाळ आणायचे तर आंतरराष्ट्रीय कराराची आणि आयातीची कागदपत्रे हवीत. दुकानदाराकडे कसलाच कागद नव्हता.

शेठजी चिडले. "एवढ्याशा दगडासाठी?" तेव्हा मी त्यांना वरळीची गोष्ट सांगितली. २०२० साली मुंबईचा सागरी किनारा मार्ग बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळे वाटेत आली. एवढा प्रचंड प्रकल्प, पण महानगरपालिकेलाही त्या लहान वसाहती हलवण्यासाठी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या उचलून दुसऱ्या जागी बसवल्या गेल्या. "महापालिकेला जे विचारावे लागले ते आपण न विचारता कसे करायचे?" असे मी म्हणालो. शेठजी बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग ठेवायचे काय?"

ठेवण्यासारखे पुष्कळ होते. सच्छिद्र भाजक्या मातीचे कृत्रिम खडक आम्ही आधीच रचले होते. त्यांवर आता जंतूंची वस्ती झाली होती. मासे घेतले ते हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासे. समुद्रातून पकडलेले नव्हेत. आपल्या देशात या माशांचे बीजोत्पादन शास्त्रज्ञांनी साध्य केले आहे. आपल्या शेजारी, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी उभारली गेली आहे. प्रवाळ नसल्यामुळे पेटी जरा साधी दिसते खरी. पण खडकांवर हळूहळू जांभळट थर चढू लागला आहे आणि संध्याकाळी शेठजींच्या आई समोर पाट मांडून बसतात. त्यांना माशांची नावे ठाऊक नाहीत. त्यांनी आपलीच ठेवली आहेत.

वाचकहो, तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडले आणि २०२० च्या टाळेबंदीत बंद झाले, ते पुढे वर्षानुवर्षे बंदच राहिले. पण तिथे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकतो. बाहेर समुद्र असताना आत समुद्र कशाला? बाहेरचा समुद्र किती काम करतो हे कळावे म्हणून. पंप, स्किमर, चिलर, आर. ओ., परीक्षानळ्या, दोन माणसांचे तीन महिने आणि महिन्याला ३६० युनिट वीज. एवढे सारे खर्चून आम्ही हजार लिटर पाणी कसेबसे जिवंत ठेवले. वीज गेली, की तेही धोक्यात. समुद्राची वीज कधी जात नाही म्हणून आपण त्याला गृहीत धरतो. पण त्याचेही तापमान दोन अंशांनी चढले तर प्रवाळ पांढरे पडते, आणि तिथे गालिचा पिळून भागत नाही.

हल्ली दुपारी माग थांबले, की माझे कान आपोआप टवकारतात. पाण्याचा आवाज येत नाही ना, ते मी ऐकतो. मग आठवते, पाइपाला भोक आहे. आणि पुन्हा पुस्तकाकडे वळतो.